जागतिक तापमानवाढीबद्दल शास्त्रज्ञांचे एकमत आहे का? वादविवाद स्पर्धेच्या निमित्ताने आलेल्या प्रश्नाचे उत्तर

आपण कनिष्ठ महाविद्यालयात शिकवता, आणि आपल्या विद्यार्थ्यांना ‘जागतिक तापमानवाढ मानवनिर्मित आहे, याबद्दल शास्त्रज्ञांमध्ये एकमत नाही’ या विषयावर अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही बाजू मांडायच्या आहेत. ‘सत्त्याण्णव टक्के शास्त्रज्ञ सहमत आहेत’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. ते कितपत विश्वासार्ह आहे, आणि अनुकूल बाजूने बोलणाऱ्या विद्यार्थ्याला खोटे न बोलता काही मांडता येईल का, असे आपण विचारले आहे. तापमानाच्या आणि पावसाच्या दीर्घकालीन नोंदी तपासण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे प्रश्नाच्या दोन्ही भागांविषयी मला आस्था आहे आणि उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे.

थेट उत्तर आधी देतो. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून झालेल्या वाढीचे मुख्य कारण माणसाने वातावरणात सोडलेले हरितगृह वायू हे आहे. आणि हे वायू सोडणे असेच चालू राहिले तर तापमान आणखी वाढेल. या तीन विधानांबद्दल, या विषयात प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांमध्ये आज खरा वाद उरलेला नाही. चौथे विधान उच्चारले की मात्र चित्र बदलू लागते. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाले तर तापमान नेमके किती अंशांनी वाढेल, ढगांचे आवरण त्यात भर घालेल की थोडी घट करेल, मोसमी पावसाचे पुढच्या तीस वर्षांत काय होईल, चक्रीवादळांची संख्या वाढेल की केवळ तीव्रता वाढेल, यांवर उत्तम अभ्यासक एकमेकांची मते खोडून काढण्यात वर्षानुवर्षे घालवतात. म्हणून ‘एकमत आहे का’ असे कोणी विचारले की ‘नेमक्या कोणत्या विधानाबद्दल’ हे आधी ठरवून घ्यावे. स्पर्धेत दोन्ही बाजूंची मुले बहुधा वेगवेगळ्या विधानांबद्दल बोलत राहतात आणि वाद कुठेच पोहोचत नाही.

आता सत्त्याण्णव टक्क्यांकडे वळू. या आकड्यामागे एकच पाहणी आहे असा समज आहे, पण पाहण्या अनेक आहेत आणि प्रत्येकीने वेगळी गोष्ट मोजली आहे. २००४ मध्ये विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक नाओमी ओरेस्केस यांनी १९९३ ते २००३ या काळातील ९२८ शोधनिबंधांचे गोषवारे वाचले आणि मानवी कारण नाकारणारा एकही निबंध त्यांत आढळला नाही असे नोंदवले. २००९ मध्ये पीटर डोरन आणि मॅगी झिमरमन यांनी भूविज्ञानाशी संबंधित संशोधकांना प्रश्नावली पाठवली. उत्तरे देणारे ३,१४६ होते, आणि तापमानातील बदलात मानवी व्यवहारांचा लक्षणीय वाटा आहे का या प्रश्नाला त्यांच्यापैकी ८२ टक्क्यांनी होकार दिला. त्यांतील जे संशोधक स्वतःला हवामान बदलाचे अभ्यासक म्हणवत होते आणि ज्यांचे अलीकडचे निम्म्याहून अधिक निबंध याच विषयावर होते, अशा गटात ७७ पैकी ७५ जणांनी होकार दिला. सत्त्याण्णव टक्क्यांचा एक उगम इथे आहे. गट लहान आहे ही टीका रास्त आहे आणि विद्यार्थ्याने ती जरूर करावी. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती सहसा सांगितली जात नाही: खनिज व इंधन शोधणाऱ्या आर्थिक भूशास्त्रज्ञांमध्ये होकाराचे प्रमाण ४७ टक्के होते, रोजच्या हवेचा अंदाज वर्तवणाऱ्या हवामानतज्ज्ञांमध्ये ६४ टक्के, आणि विषयाचा प्रत्यक्ष अभ्यास जसा वाढत जातो तसे हे प्रमाण चढत जाते. माझ्या मते त्या पाहणीतील सर्वांत बोलकी बाब सत्त्याण्णव ही संख्या नसून हा चढ आहे.

सर्वाधिक गाजलेली पाहणी २०१३ ची, जॉन कुक आणि सहकाऱ्यांची आहे, आणि विरोधकांचा सारा रोख तिच्यावरच असतो, म्हणून तिचे आकडे पूर्ण देतो. १९९१ ते २०११ या काळातील ११,९४४ गोषवारे वाचण्यात आले. त्यांतील ७,९३० गोषवाऱ्यांत तापमानवाढीच्या कारणाबद्दल काहीच भूमिका नव्हती. ३,८९६ गोषवाऱ्यांनी मानवी कारण स्पष्टपणे किंवा गृहीत धरून मान्य केले होते. ७८ निबंधांनी ते नाकारले होते आणि ४० निबंधांनी अनिश्चितता व्यक्त केली होती. ज्यांनी भूमिका घेतली त्यांच्यापैकी सुमारे ९७ टक्के मान्य करणारे, असा हा हिशेब आहे. यावर आक्षेप असा घेतला जातो की दोनतृतीयांश निबंध गप्प आहेत, मग सत्त्याण्णव टक्के कसे? आक्षेप ऐकताना सबळ वाटतो. मात्र ज्यांनी शोधनिबंध लिहिले आहेत त्यांना ठाऊक असते की दोनशे-अडीचशे शब्दांच्या गोषवाऱ्यात आपले नवे निष्कर्ष सांगायचे असतात आणि क्षेत्रात सर्वमान्य झालेली गोष्ट तिथे पुन्हा कोणी लिहीत नाही; क्षयरोगाच्या औषधावरील निबंधाच्या गोषवाऱ्यात हा रोग जंतूंमुळे होतो असे विधान शोधले तर बहुतेक निबंध तटस्थच निघतील. शिवाय कुक यांनी मूळ लेखकांनाच आपापल्या संपूर्ण निबंधांचे वर्गीकरण करायला सांगितले, तेव्हा तटस्थ निबंधांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे ३५.५ टक्क्यांवर आले, आणि भूमिका घेणाऱ्या निबंधांतील मान्यतेचे प्रमाण ९७.२ टक्के निघाले. दोन वेगळ्या मार्गांनी एकाच जागी पोहोचणे याला आमच्या कामात फार महत्त्व असते.

दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. मान्य करणाऱ्या ३,८९६ गोषवाऱ्यांपैकी मानवी वाटा निम्म्याहून अधिक आहे असे संख्येने सांगणारे गोषवारे केवळ ६४ होते. बाकीच्यांची मान्यता सर्वसाधारण शब्दांत किंवा अध्याहृत होती. त्यामुळे ‘सत्त्याण्णव टक्के निबंधांनी मानवी वाटा निम्म्याहून अधिक असल्याचे सिद्ध केले’ असे म्हणणे चूक आहे आणि प्रतिकूल बाजूच्या विद्यार्थ्याने तसे कधीही म्हणू नये. अर्थतज्ज्ञ रिचर्ड टोल यांनी या पाहणीच्या पद्धतीवर कठोर टीका केली. मात्र शास्त्रज्ञांची सहमती नव्वदीच्या वरच्या टप्प्यात आहे याबद्दल आपल्याला शंका नाही, हेही त्यांनी त्याच वेळी लिहिले. मानवी वाट्याचे प्रमाण थेट विचारणारी पाहणी बार्ट वरहेगन आणि सहकाऱ्यांनी १,८६८ संशोधकांमध्ये करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि या विषयावर दहाहून अधिक निबंध असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी हरितगृह वायू हेच मुख्य कारण असल्याचे सांगितले. २०१२ नंतरच्या निबंधांतून यादृच्छिक निवडलेले ३,००० निबंध २०२१ मध्ये मार्क लायनस आणि सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा मानवी कारणावर शंका घेणारे चार सापडले. प्रश्न कसा विचारला आणि तज्ज्ञ कोणाला म्हटले, यावर आकडा नव्वद ते शंभर यांच्या दरम्यान हलतो. विद्यार्थ्याने एकाच आकड्याला चिकटून बसण्यापेक्षा हा पट्टा सांगावा; तो अधिक खरा आहे आणि खोडून काढायला अधिक कठीण आहे.

याउलट, एकतीस हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी तापमानवाढ नाकारली, असे सांगून अमेरिकेतील ‘ओरेगॉन’ याचिकेचा दाखला दिला जातो. १९९८ पासून फिरवलेल्या या याचिकेवर सही करण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक अशा कोणत्याही शाखेची पदवी पुरेशी होती, आणि याचिकाकर्त्यांच्याच वर्गवारीत हवामानशास्त्रज्ञ म्हणून नोंद असलेल्यांची संख्या ३९ आहे. अनुकूल बाजूच्या मुलाने हा दाखला दिला तर समोरचा तयारीचा विद्यार्थी त्याचे सारे भाषण एका मिनिटात निष्प्रभ करील, म्हणून आपण त्याला आधीच सावध करावे.

‘विज्ञान मतदानाने चालत नाही’ हा यापुढचा युक्तिवाद असतो, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. किती जण सहमत आहेत हा पुरावा होऊ शकत नाही. पुराव्यांच्या कसोटीतून गेल्यावर जे शिल्लक राहते त्याला सहमती म्हणतात. म्हणूनच ही सहमती कशी घडली हे सांगणे मला आकड्यांपेक्षा मोलाचे वाटते. मुले गॅलिलिओचे नाव घेतात, एकटा माणूस बरोबर आणि सारे जग चूक असे उदाहरण देतात. या विषयात तसे एकटे पडलेले लोक खरोखर होते, पण ते तापमानवाढीचे विरोधक नव्हते. स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी तापेल असे गणित मांडले, आणि त्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ते चुकीचे मानले.

चुकीचे मानण्याला चांगले कारण होते. १९०० मध्ये क्नूट अँग्स्ट्रॉम यांच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड भरलेल्या नळीतून अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचे अदृश्य किरण, सोडून पाहण्यात आले. नळीतील वायूचे प्रमाण कमी केले तरी शोषल्या जाणाऱ्या किरणांत जवळजवळ फरक पडला नाही. त्यावरून निष्कर्ष निघाला की हवेतील वायू शोषता येतील तेवढे किरण आधीच शोषून घेतो, आणि त्यात भर पडली तरी काही बिघडत नाही. बाष्पही त्यांतील बरेचसे किरण शोषते हे माहीत असल्यामुळे प्रकरण मिटल्यासारखेच होते. यात चूक कुठे होती हे कळायला वातावरणाचा एकेक थर वेगळा विचारात घ्यावा लागला. जमिनीजवळ हवा दाट आणि दमट असते, तिथे ‘शोषण पूर्ण झाले आहे’ हे बरेचसे खरे आहे. परंतु पृथ्वीची उष्णता अवकाशात निसटते ती काही किलोमीटर उंचीवरच्या विरळ, कोरड्या आणि थंड थरांतून. तिथे कार्बन डायऑक्साइड वाढला की उष्णता बाहेर पडण्याची पातळी आणखी वर, म्हणजे आणखी थंड थरात सरकते. थंड थर कमी उष्णता बाहेर टाकतो, आणि येणारी व जाणारी उष्णता पुन्हा समान होईपर्यंत खालचे सारे तापत जाते. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी नव्या मोजमापांच्या आणि संगणकाच्या आधारे हे गणित मांडले आणि अँग्स्ट्रॉम यांचा आक्षेप टिकेनासा झाला.

दुसरा आक्षेप असा होता की माणसाने सोडलेला सारा वायू समुद्र शोषून घेईल. १९५७ मध्ये रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी समुद्राच्या पाण्याचे रसायन तपासून समुद्राची ही क्षमता समजली जात होती त्याहून मर्यादित असल्याचे दाखवले. पुढच्याच वर्षी चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज तो ४२० च्या वर आहे. हा वाढलेला कार्बन ज्वालामुखींतून आला असेल ही शंकाही तपासली गेली. कोळसा आणि खनिज तेल हे प्राचीन वनस्पतींचे व सूक्ष्मजीवांचे अवशेष असल्याने त्यांतील कार्बनच्या समस्थानिकांचे, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचे, प्रमाण ज्वालामुखीच्या वायूपेक्षा वेगळे असते, आणि हवेतील प्रमाण नेमके त्याच दिशेने बदलले आहे. जळणात खर्च होणारा ऑक्सिजनही हवेत मोजता येईल इतका घटला आहे. सूर्य तापला असेल ही शंका त्याहून सोप्या रीतीने निकालात निघते. सूर्यामुळे वाढ झाली असती तर वातावरणाचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने सांगितले होते की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालचे तपांबर तापेल आणि वरचे स्थितांबर थंड होईल, आणि मोजणीत तसेच आढळले. मानाबे यांना २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले त्यामागे हे काम आहे.

विरोधकांनी हवामानशास्त्राचे भले केल्याचे एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांनी १९९० पासून उपग्रहांच्या मोजणीतून वातावरणाच्या खालच्या थराचे तापमान काढायला सुरुवात केली, आणि त्यांच्या मालिकेत बरीच वर्षे वाढ दिसतच नव्हती. ‘जमिनीवरचे तापमापक शहरांमुळे फसतात, उपग्रह खरे सांगतात’ हा युक्तिवाद त्या काळी अतिशय प्रबळ होता. १९९८ मध्ये फ्रँक वेन्ट्झ आणि मॅथियास शाबेल यांनी दाखवले की उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली येत होती आणि त्यामुळे मोजणीत खोटी घट शिरत होती. २००५ मध्ये उपग्रहाची त्या त्या ठिकाणावरून जाण्याची वेळ सरकत गेल्याच्या दुरुस्तीतही चूक सापडली, आणि ती मूळ अभ्यासकांनी मान्य करून सुधारली. आज त्यांच्याच मालिकेत दर दशकाला सुमारे ०.१५ अंश सेल्सिअस वाढ दिसते. हे दोघे आजही तापमानवाढीच्या धोक्याबद्दल इतरांपेक्षा बरेच साशंक आहेत, पण तापमान वाढत नाही असे त्यांचेही आकडे म्हणत नाहीत.

जमिनीवरच्या नोंदींबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला तापमापक गावाबाहेरच्या माळावर असतो, मग गाव वाढते, पेटीच्या आजूबाजूला इमारती आणि डांबरी रस्ते येतात, किंवा वेधशाळाच कचेरीच्या आवारातून विमानतळावर हलवली जाते, आणि मालिकेत एक पायरी पडते. ही पायरी कागदावर आखलेल्या आलेखात डोळ्यांनाही दिसते: एका वर्षापर्यंत हे ठिकाण शेजारच्या चार ठिकाणांबरोबर वरखाली होते, आणि त्यानंतर त्याच चारांपेक्षा कायम अर्ध्या अंशाने खाली किंवा वर राहते. निरीक्षणाच्या जुन्या वहीत बहुधा स्थलांतराची नोंद सापडते, मग तेवढ्या फरकाची दुरुस्ती केली जाते. या दुरुस्त्यांकडे बोट दाखवून ‘आकडे फिरवले’ असा आरोप होतो, म्हणून हे सांगणे अगत्याचे आहे की जगभरच्या सर्व दुरुस्त्या एकत्र केल्या तर शतकभराची तापमानवाढ वाढण्याऐवजी थोडी कमी होते. त्याचे कारण समुद्रात आहे. जुन्या काळी जहाजावरून दोराने बादली सोडून पाणी वर काढत आणि त्यात तापमापक बुडवत. वर येईपर्यंत बाष्पीभवनाने पाणी निवत असे आणि नोंद खऱ्यापेक्षा थंड पडत असे. ती त्रुटी दुरुस्त केली की जुने समुद्र थोडे उष्ण ठरतात आणि तेव्हापासूनची वाढ घटते. या सगळ्यावर विश्वास नसलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांनी बर्कलीत स्वतंत्र गट उभारून साऱ्या नोंदी नव्याने तपासल्या. त्यांच्या निधीचा काही भाग तेलव्यवसायातील कोख कुटुंबाच्या धर्मादाय संस्थेकडूनही आला होता. २०१२ मध्ये मुलर यांनी जाहीर केले की वाढ खरी आहे आणि ती जवळजवळ संपूर्णपणे माणसामुळे झाली आहे.

हवामान बदलावरील संशोधनाचा आढावा घेणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील आयपीसीसी या मंडळाची भाषा कशी बदलत गेली तेही विद्यार्थ्यांनी पाहावे. १९९५ च्या अहवालात पुराव्यांचा कल हवामानावर मानवी प्रभाव जाणवत असल्याकडे आहे, एवढेच जपून म्हटले होते. २००१ मध्ये मानवी कारणाची शक्यता ६६ टक्क्यांहून अधिक, २००७ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक, २०१३ मध्ये ९५ टक्क्यांहून अधिक असे शब्द आले, आणि २०२१ मध्ये मानवी प्रभाव निःसंदिग्ध असल्याचे म्हटले गेले. २०२१ च्या त्या खंडाचे लेखक २३४ होते आणि मसुद्यांवर आलेल्या ७८,००७ अभिप्रायांची दखल घेण्यात आली. त्या अहवालानुसार १८५०–१९०० च्या तुलनेत २०१०–२०१९ पर्यंत माणसामुळे झालेली वाढ सुमारे १.०७ अंश आहे. सव्वीस वर्षांत एकेक पायरी चढलेली ही भाषा घाईने बोलणाऱ्यांची नव्हे.

या मंडळाच्या हातून चुकाही झाल्या आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठी चूक आपल्याच हिमालयाबद्दल होती. २००७ च्या अहवालाच्या दुसऱ्या खंडात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता असल्याचे छापले गेले. त्याला तज्ज्ञांनी परीक्षण केलेल्या संशोधनाचा आधार नव्हता. भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी आधी त्याला झिडकारले, आणि जानेवारी २०१० मध्ये मंडळाला २०३५ चे विधान चुकीचे असल्याचे मान्य करावे लागले. अनुकूल बाजूच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण निःसंकोच वापरावे, कारण ते खरे आहे आणि संस्थेच्या अहंकाराविषयी काही शिकवते. मात्र पुढचा भागही सांगावा: ही चूक जाहीरपणे दाखवून देणाऱ्यांत हिमनद्यांचे अभ्यासकच आघाडीवर होते, आणि २०१९ मध्ये जुन्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे वापरून झालेल्या अभ्यासात हिमालयातील बर्फ घटण्याचा वेग २००० ते २०१६ या काळात त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट असल्याचे आढळले. काराकोरममधील काही हिमनद्या त्याच काळात जवळजवळ स्थिर राहिल्या आणि त्याचे कारण काय, यावर अजून चर्चा चालू आहे.

‘१९७० च्या दशकात हेच शास्त्रज्ञ हिमयुग येणार म्हणत होते’ हे विधान टिकत नाही. १९६५ ते १९७९ या काळातील निबंधांची मोजणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत थंडावा येईल म्हणणारे ७, तापमान वाढेल म्हणणारे ४४ आणि तटस्थ २० निघाले. लोकांच्या मनात वाद जितका मोठा वाटतो तितका तो संशोधकांमध्ये का नाही, याचे एक कारण कागदोपत्री आहे: अमेरिकेतील तेल उद्योगाच्या संघटनेशी संबंधित मंडळींनी १९९८ मध्ये तयार केलेला आराखडा वृत्तपत्रांतून बाहेर आला, आणि सामान्य नागरिकाच्या मनावर या विज्ञानातील अनिश्चितता ठसली म्हणजे आपण जिंकलो, असे त्यात लिहिलेले होते. हे वाचून मला आजही संताप येतो. पण शंका घेणारा प्रत्येक जण विकला गेलेला आहे असे विद्यार्थ्यांनी म्हणू नये. तसे म्हटल्याने प्रामाणिक शंका असलेला श्रोता दुरावतो.

आता अनुकूल बाजूसाठी खरी सामग्री. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी वाढ १९७९ मध्ये अमेरिकेतील ज्यूल चार्नी यांच्या समितीने १.५ ते ४.५ अंश सांगितली, आणि २००७ मध्ये खालची मर्यादा २ अंश धरली गेली तेवढा अपवाद सोडला तर २०१३ पर्यंत हा पट्टा तसाच राहिला. २०२१ मध्ये तो २.५ ते ४ अंशांपर्यंत आला. दीड अंशाचे हे अंतर मुख्यतः ढगांच्या वागण्यामुळे आहे, आणि ते एखाद्या देशाच्या शेतीचे भवितव्य बदलू शकेल एवढे मोठे आहे.

आपल्या पावसाबद्दल तर मतभेद अधिकच खरे आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये जो अहवाल काढला, त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात ठळक आहे. गंमत वाटावी अशी नव्हे, पण विचारात पाडणारी बाब ही की हरितगृह वायू वाढले तर मोसमी पाऊस वाढावा असे हवामानाची बहुतेक संगणकीय प्रारूपे सांगतात. मग घट कशाने झाली? धूर आणि धूलिकणांनी सूर्यप्रकाश अडवला, जमीन पुरेशी तापली नाही आणि समुद्राकडून येणारा वारा मंदावला, असे एक मत आहे. हिंदी महासागर वेगाने तापल्यामुळे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानांतील फरक घटला, असे दुसरे. जंगलतोड आणि सिंचन यांनी जमिनीचे आवरण बदलले असे काहींचे म्हणणे आहे, आणि १९५० चे दशक मुळातच ओले असल्यामुळे तिथून मोजायला सुरुवात केली की घट मोठी दिसते हा आक्षेपही दुर्लक्षावा असा नाही. २००२ नंतर मध्य भारतात पाऊस पुन्हा सावरू लागल्याचा निष्कर्ष काही संशोधकांनी काढला आहे. या प्रश्नावर मी माझे मत विचारले तर धूलिकणांना अधिक गुण देईन, पण माझ्याच शेजारच्या खोलीतील सहकारी समुद्राला देत असे आणि त्याच्याजवळही चांगली कारणे होती.

त्याच वेळी मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्याचे रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले. एकूण पाऊस घटतो आणि अतिवृष्टी वाढते, यात विसंगती नाही, कारण हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तरीही २६ जुलै २००५ ची मुंबईची अतिवृष्टी तापमानवाढीमुळेच झाली असे कोणी भाषणात ठोकून दिले तर परीक्षकांनी गुण कापावेत. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला कुलाब्यात केवळ ७३. अशा घटनांची शक्यता वाढते असे म्हणता येते. एकट्या घटनेचे कारण सांगण्यासाठी वेगळा, कष्टाचा अभ्यास करावा लागतो.

आयोजकांशी बोलता येत असेल तर विषयच बदलून घ्यावा, असे मी सुचवीन. सध्याच्या विषयात एका बाजूच्या मुलांना सिद्ध झालेली गोष्ट नाकारावी लागते आणि त्यांची मेहनत वाया जाते. ‘पश्चिम घाटातील पाऊस घटण्याचे मुख्य कारण स्थानिक आहे’, किंवा ‘भारताने २०७० ऐवजी २०५० पर्यंतच निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवावे’, असे विषय घेतले तर दोन्ही बाजूंना भरपूर बोलता येईल. पहिल्यात वैज्ञानिक पुरावे दोन्हीकडे विभागलेले आहेत. दुसऱ्यात न्याय, गरिबी, कोळसा खाणींवर जगणारी कुटुंबे आणि श्रीमंत देशांची जुनी जबाबदारी यांचा विचार करावा लागतो, आणि तिथे हवामानशास्त्रज्ञाच्या मताला इतर कोणाही नागरिकाच्या मतापेक्षा जास्त वजन नाही. विषय बदलणे शक्य नसेल तर अनुकूल बाजूच्या विद्यार्थ्याने पहिल्याच मिनिटात सांगावे की तापमानवाढ आणि तिचे मानवी कारण आपण मान्य करतो, आपला मतभेद वाढीचे प्रमाण, प्रादेशिक परिणाम आणि अंदाजांची खात्री यांबद्दल आहे. आणि चार्नी समितीचा पट्टा, हिमालयाचे २०३५ आणि मोसमी पावसाचे कोडे, या तिन्हींवर आपले सारे भाषण उभे करावे.